कोणतीही बोली देवाला परकी नाही

वाचनभाग : उत्पत्ति ११:१-९, योहान १:१-१४, प्रेषितांची कृत्ये २:१-१३, १ करिंथ १४:६-१९

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती घरांत एक प्रश्न वारंवार निघतो. मुले घरी मराठी बोलतात, शाळेत तेलुगू किंवा इंग्रजी शिकतात, बाजारात हिंदी-उर्दूवर काम भागवितात आणि शेजारच्या पाड्यांत गोंडी व कोलामी ऐकतात. मग शब्बाथ शाळा कोणत्या भाषेत घ्यावी? काही पालक म्हणतात, मराठीचा आता उपयोग काय? काही म्हणतात, मराठी सुटली तर आजी-आजोबांची गीते आणि प्रार्थनाही सुटतील.

प्रश्न वरवर सोयीचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी श्रद्धेचा प्रश्न आहे. देवाचे वचन वाहून नेण्यास कोणती भाषा योग्य आणि कोणती अयोग्य? आद्य मंडळीच्या शिक्षकांनी ह्यावर पुष्कळ विचार केला. त्यांनी जे उत्तर दिले त्याने पुढे हजार वर्षे निरनिराळ्या देशांतील कवींस धीर दिला आणि त्याच प्रश्नाशी आपल्या मराठीचीही गाठ पडली. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा इतिहास समजून घ्यावा म्हणून हा पाठ.

१. बाबेल आणि पेंटेकॉस्ट

बाबेल येथे माणसांची भाषा एक होती, ती फुटली आणि कोणाचे कोणाला समजेनासे झाले. पेंटेकॉस्टच्या दिवशी काय झाले ते लक्षपूर्वक वाचावे. पवित्र आत्म्याने सर्वांस पुन्हा एकच भाषा दिली नाही. प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या जन्मभाषेत ऐकली. भाषांचे अनेकपण नाहीसे झाले नाही. तेच सुवार्तेचा रस्ता झाले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेऊ या. प्रभू येशू लोकांशी अरामी भाषेत बोलत असे, परंतु शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. तीही मोठ्या कवींची जुनी ग्रीक नव्हे, तर त्या काळी व्यापारी, शिपाई आणि गुलाम बोलत ती सामान्य ग्रीक. म्हणजे आपल्या प्रभूचे बहुतेक बोल जगाला प्रथमपासूनच भाषांतरातून मिळाले. जिचे मूळ ग्रंथच असे, ती मंडळी कोणत्याही एका भाषेला पवित्र आणि बाकीच्यांना अपवित्र कशी म्हणू शकेल?

२. ऑगस्टीन : वक्तृत्वाचा गुरू साध्या बोलीकडे वळतो

ऑगस्टीन (३५४-४३०) हा उत्तर आफ्रिकेतील. तरुणपणी तो वक्तृत्व शिकवीत असे. एकोणीस वर्षांचा असता त्याने सिसेरो ह्या रोमन वक्त्याचा ग्रंथ वाचला आणि त्यानंतर पवित्र शास्त्र हाती घेतले. सिसेरोच्या डौलदार लॅटिनपुढे शास्त्राची भाषा त्याला ओबडधोबड वाटली. पुढे आपल्या आत्मकथनात त्याने हे स्वतःच लिहून ठेवले. त्या भाषेत शिरण्यास वाकावे लागते आणि तेव्हा आपली मान वाकत नव्हती, असा त्याच्या म्हणण्याचा भाव आहे. इ. स. ३८७ च्या ईस्टरला मिलान येथे अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला.

ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या ग्रंथात त्याने जुन्या वक्तृत्वशास्त्राचा एक मोठा नियम बाजूला सारला. तो नियम असा : लहान विषय साध्या भाषेत, मध्यम विषय मध्यम भाषेत आणि थोर विषय भारदस्त भाषेत मांडावेत. ऑगस्टीन म्हणतो, मंडळीत लहान विषय उरतोच कुठे? तहानलेल्याला दिलेला पेलाभर थंड पाण्याचा विषयही प्रभूच्या वचनामुळे थोर झाला आहे (मत्तय १०:४२). तेव्हा ख्रिस्ती शिक्षकाने विषयाची प्रतिष्ठा पाहून शब्द निवडू नयेत. शिकवायचे आहे, आनंद द्यायचा आहे की मन हलवायचे आहे, हे पाहून निवडावेत.

ह्याच ग्रंथातील एक उदाहरण प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावे. लॅटिनमध्ये ‘ओस’ हा शब्द ऱ्हस्व उच्चारला तर हाड आणि दीर्घ उच्चारला तर मुख. आफ्रिकेतील लोकांच्या कानांस हा भेद कळत नसे. हाडासाठी ‘ओस्सुम’ असे एक रूप होते, पण पंडित ते अशुद्ध मानीत. ऑगस्टीन विचारतो, ऐकणाऱ्यांस अर्थ कळत असेल तर शिक्षकाने ‘ओस्सुम’ का म्हणू नये? ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांनाच कळले नाही, तर त्या शुद्धतेचा उपयोग काय?

ह्यामागे त्याचे ईश्वरविज्ञान आहे. त्र्यैक्यावरील ग्रंथात तो लिहितो की आपल्या अंतःकरणातील विचार हा एक आतला शब्द आहे. तो कोणत्याही एका भाषेचा नसतो. ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचावा म्हणून तो आवाजाचे रूप घेतो, तरी आत असतो तसाच राहतो. त्याचप्रमाणे देवाच्या शब्दाने मानवदेह घेतला, तरी तो देव म्हणून उणा झाला नाही. जो प्रभू गव्हाणीत निजण्यास लाजला नाही, तो गरिबांच्या बोलीला कसा लाजेल?

३. एफ्राइम : शब्द म्हणजे देवाने घातलेले वस्त्र

ऑगस्टीनच्या थोडे अगोदर पूर्वेकडे एफ्राइम (मृत्यू ३७३) हा कवी होऊन गेला. त्याची भाषा सिरियाक, म्हणजे अरामीचीच एक बहीण. त्याने आपले ईश्वरविज्ञान मुख्यतः गीतांतून सांगितले.

त्याचा एक दृष्टांत आमच्या शब्बाथ शाळांस फार उपयोगी पडेल. पोपटाला बोलायला शिकविणारा मनुष्य आरशामागे लपतो आणि तेथून बोलतो. पोपटाला आरशात आपल्यासारखा पक्षी दिसतो. तोच बोलत आहे असे समजून तो शिकू लागतो. देवानेही तसेच केले, असे एफ्राइम सांगतो. मनुष्याला उमजावे म्हणून त्याने मनुष्याचे शब्द पांघरले. शास्त्रात देवाचे डोळे, कान, हात येतात ते ह्याच कारणाने. पण वस्त्र म्हणजे मनुष्य नव्हे, तसे शब्द म्हणजे देव नव्हे. कोणतीही भाषा देवाला पुरी पडत नाही, आणि तरीही देवाने तिचा अव्हेर केला नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणे हेच ख्रिस्ती कवीचे काम.

४. गोठ्यापासून दांतेपर्यंत

ही शिकवण पुढे कवितेत कशी उतरली?

मिलान येथे ३८६ मध्ये सत्ताधाऱ्यांशी झगडा चालू असता मंडळी देवळात अडकून होती. तेव्हा अँब्रोजने त्यांस गीते म्हणावयास लावली. त्याची गीते चार-चार ओळींच्या लहान कडव्यांची, सर्वांस पाठ होतील अशी आहेत. पश्चिमेकडील मंडळीगीतांना तेथून जोर आला.

सातव्या शतकात इंग्लंडातील व्हिटबी येथील मठात कॅडमन नावाचा गुराखी होता. मेजवानीत गाण्याची पाळी जवळ आली की तो उठून जाई, कारण त्याला गाता येत नसे. एका रात्री तो गोठ्यात निजला असता स्वप्नात त्याला उत्पत्तीचे गाणे गाण्याची आज्ञा झाली आणि तो गाऊ लागला. बीड ह्या इतिहासकाराने ७३१ च्या सुमारास ही हकिगत लिहिली. मठाची प्रमुख हिल्डा हिने त्याला शास्त्रातील कथा सांगण्याची व्यवस्था केली. गाय रवंथ करते तसा तो त्या मनात घोळवी आणि आपल्या बोलीत कविता करून परत देई. त्याचा छंद हा त्याच्या लोकांच्या जुन्या वीरगीतांचा छंद होता. शास्त्र नवे, छंद गावचा.

नवव्या शतकात सिरिल व मेथोदियस हे बंधू स्लाव लोकांत गेले आणि त्यांच्या भाषेत उपासना सुरू केली. तेव्हा काही धर्माधिकारी म्हणाले की वधस्तंभावरील लेख इब्री, ग्रीक व लॅटिन ह्या तीन भाषांत होता, म्हणून देवाची स्तुती त्या तीनच भाषांत व्हावी. सिरिलने उत्तर दिले की देवाचा पाऊस सर्वांवर सारखा पडतो. आणि पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा आधार दिला.

चौदाव्या शतकाच्या आरंभी इटलीत दांते (१२६५-१३२१) ह्याने आईच्या मांडीवर शिकलेल्या बोलीची बाजू घेणारा ग्रंथ लिहिला आणि आपले महाकाव्य लॅटिन सोडून त्या बोलीत रचले. त्या काव्याच्या अखेरच्या भागात स्वतः आदाम सांगतो की आपली भाषा बाबेलच्या आधीच लोपली होती. म्हणजे आदामाची भाषासुद्धा कायमची पवित्र नव्हती. भाषा झाडाच्या पानांप्रमाणे येतात आणि जातात; टिकतो तो देव.

५. आपली मराठी

मराठीत संस्कृतचा अडसर आधीच दूर झाला होता. महानुभाव पंथाने तेराव्या शतकात मराठीतच लिहिण्याचा आग्रह धरला आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली. हे त्या संतांचे स्वतंत्र कार्य होते; ख्रिस्ती विचाराशी त्याचा संबंध नव्हता. पण त्यांनी रुळविलेली ओवी पुढे ख्रिस्ती कवीच्या हाती आली.

हा कवी म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज, जेज्विट संघाचे, १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत जुन्या व नव्या करारांची कथा आहे. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ते रोमन लिपीत छापावे लागले. १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले, ह्यावरून लोकांत त्याची गोडी होती हे दिसते. स्टीफन्स आपल्या पंथाचे नव्हते, तरी हे देणे सर्व मराठी ख्रिस्ती लोकांचे आहे. दुर्दैवाने त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. जी बोली स्तवनाला चालली तीच राज्यकर्त्यांना नकोशी झाली. मंडळीने शिकविलेले सत्य ख्रिस्ती म्हणविणारेच विसरू शकतात, हा त्यातला धडा.

पुढे सेरामपूरहून १८११ मध्ये केरीसाहेबांचा मराठी नवा करार निघाला. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन ख्रिस्तचरणी वाहिले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले; लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले आणि १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

पंडिता रमाबाईंची (१८५८-१९२२) वाट जराशी वेगळी. संस्कृतच्या ज्ञानासाठी कलकत्त्यास ‘पंडिता’ ही पदवी मिळालेल्या ह्या बाईंनी इब्री व ग्रीक शिकून सबंध बायबलाचे भाषांतर केले, पण ते मुद्दाम सोप्या मराठीत. अवघड संस्कृत शब्द खेड्यातील बायकांस कळत नाहीत, शिवाय ते आपल्याबरोबर जुने अर्थ घेऊन येतात, असे त्यांचे मत होते. केडगावच्या मुक्ती सदनात ते छापले गेले आणि १९२४ मध्ये पुरे बायबल बाहेर आले. टिळकांनी जुने वस्त्र ख्रिस्तासाठी वापरले. रमाबाईंनी साधे वस्त्र निवडले. दोघांचीही कळकळ एकच, की ऐकणाऱ्याला कळावे.

६. आपल्या जिल्ह्यासाठी

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग आदिलाबादपासून निघून मराठी मुलखात गेले. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. सरहद्दी बदलल्या, पण पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील घरांत मराठी राहिली. तिच्यात तेलुगू आणि उर्दू शब्द मिसळले आहेत. बारा कोसांवर भाषा बदलते, मग येथे का बदलणार नाही?

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की मूल आपल्या मिश्र बोलीत प्रार्थना करीत असेल तर त्याचे व्याकरण मध्येच सुधारू नये. ‘ओस्सुम’ची आठवण ठेवावी. मराठी टिकवावी, कारण तिच्यात आपल्या मंडळीची शंभर-दीडशे वर्षांची प्रार्थना साठली आहे आणि ती टाकून दिली तर मुलांच्या हाती तेवढे रिकामेपण येईल.

दुसरे सांगणे कठीण आहे. जे सत्य मराठीचे रक्षण करते तेच मराठीचा गर्वही मोडते. एखाद्या मुलाला पाठ तेलुगूत अधिक कळत असेल, तर तो तेलुगूत समजावून देणे हा मराठीचा द्रोह नव्हे. आणि गोंडी-कोलामीला कोणी रानटी बोली म्हणत असेल, तर शास्त्राला ओबडधोबड म्हणणाऱ्या तरुण ऑगस्टीनच्या जागी तो उभा आहे. १९४३ मध्ये मारलवाई येथे हैमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे केंद्र उघडले गेले. त्या शाळांसाठी गोंडी वाचनपुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत. पुढे ह्याच जिल्ह्यातील गुंजाळा गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखितेही उजेडात आली. ज्या बोलीत मूल अक्षर ओळखू शकते, त्या बोलीत ते देवालाही हाक मारू शकते.

शिक्षकांनी ह्या महिन्यात एवढे करावे. पाठाची कथा सांगून झाल्यावर प्रत्येक मुलाला ती घरच्या बोलीत, आपल्या शब्दांत परत सांगावयास लावावी, जशी कॅडमन सांगत असे. वर्गात दोन-तीन भाषांची मुले असतील तर तीच कथा दोन-तीनदा ऐकू येईल. त्यात वेळ गेला तरी जाऊ द्यावा.

चर्चेसाठी प्रश्न

१) पेंटेकॉस्टच्या दिवशी सर्वांस एकच भाषा का दिली गेली नाही?
२) कथा सांगताना टिळकांची वाट धरावी की रमाबाईंची? आपल्या वर्गास कोणती अधिक लागू पडते आणि का?
३) आपल्या उपासनेतील कोणते शब्द मुलांस कळत नाहीत? यादी करून पाळकसाहेबांशी बोला.
४) आपल्या मंडळीत कोणाच्या बोलीला हसले जाते काय? ते थांबविण्यास आपण काय करू?

प्रार्थना : हे प्रभो, तू आमच्यासाठी आमचा देह आणि आमची बोली पत्करलीस. आमच्या शेजाऱ्याच्या बोलीला हलके लेखण्यापासून आम्हांस राख, आणि आमच्या मुलांच्या मुखी तुझे नाव त्यांस समजेल अशा शब्दांत ठेव. आमेन.