पॉलिप्रोपिलीनला गोंद का लागत नाही?

र्युसेल्सहाइम हे ओपेलचं गाव. १८६२ साली आदाम ओपेल यांनी इथे शिलाई मशीन बनवायला सुरुवात केली, आणि १८९९ पासून कंपनी मोटारी बनवू लागली. आजच्या गाडीचा बंपर काढून आतून पाहिला, तर बहुतेक वेळा त्यावर ‘पीपी’ आणि ‘ईपीडीएम’ ही अक्षरं दिसतात. म्हणजे पॉलिप्रोपिलीन आणि थोडं रबर.

असा बंपर तडकला आणि आपण फेविक्विक लावलं, तर सांधा आधी पक्का वाटतो आणि मग जरा ताण आला की सोलून निघतो. पण त्याच बंपरवरचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. हे कसं?

अळवावरचं पाणी

गोंद चिकटण्याआधी पसरायला हवा. द्रवाचा पृष्ठताण घन पदार्थाच्या पृष्ठऊर्जेपेक्षा बराच जास्त असेल, तर द्रव थेंब करून बसतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७३ मिलिन्यूटन, इपॉक्सीचा साधारण ४५, आणि पॉलिप्रोपिलीनची पृष्ठऊर्जा जेमतेम ३०. या प्लास्टिकच्या रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. गोंदाला धरून ठेवतील असे ध्रुवीय गट त्यात नाहीत. शिवाय पीव्हीसी पाइपला प्लंबर जे सोल्युशन लावतो, त्यात हे विरघळतही नाही.

उपाय पहिला: पृष्ठभाग बदला

कारखान्यात रंग देण्याआधी बंपरवरून गॅसची ज्योत झपाट्याने फिरवतात. प्लास्टिक वितळत नाही, पण वरचा काही नॅनोमीटरचा थर ऑक्सिजन पकडतो आणि रंगाला धरायला जागा मिळते. प्लाझ्मा आणि कोरोना प्रक्रियाही हेच करतात. हा परिणाम हळूहळू ओसरतो, म्हणून पुढचं काम लवकर उरकावं लागतं. गॅरेजमध्ये ज्योतीऐवजी क्लोरिनयुक्त पॉलिप्रोपिलीनचा प्रायमर वापरतात.

उपाय दुसरा: वितळवून जोडा

वेल्डिंगमध्ये गोंदच नसतो. दोन्ही कडा वितळल्या की लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि थंड झाल्यावर तशाच राहतात. मात्र सळई त्याच जातीची हवी. पॉलिप्रोपिलीन सुमारे १६० अंशांना वितळतं, पॉलिएथिलीन १३० च्या आसपास. दिसायला दोन्ही सारखी असली, तरी ती एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि सांधा कच्चा राहतो.

घरी काय कराल?

१. आधी मागची अक्षरं वाचा. ‘पीपी’ किंवा ‘पीई’ असेल तर साधा गोंद बाजूला ठेवा.
२. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसा, मग घासा. नुसतं घासणं पुरत नाही.
३. पॉलिओलेफिनसाठीचा प्रायमर किंवा खास दोन भागांचा ॲक्रिलिक गोंद वापरा.
४. मागून पट्टी लावा. सांध्याला सोलणारा ताण सर्वात वाईट.

प्लास्टिकची इंधनटाकी मात्र घरी कधीच जोडू नका. ती बहुधा पॉलिएथिलीनची असते, आणि वाळून कडक झालेला गोंद म्हणजे चिकटलेला गोंद नव्हे. ज्या बंपरमागे रडार सेन्सर आहे, त्याची दुरुस्तीही जाणकारांकडेच द्या. बाकी तुटलेली बादली, खोका किंवा खेळणं फेकून देण्याआधी अक्षरं नक्की वाचून पाहा.