बाळूंचे नाव कसे राहिले?

धान कापून झाले की नाकाडोंगरीच्या शिवारात बांध्या मोकळ्या होतात. मग पोरे तिथे क्रिकेट खेळतात. फळीची बॅट होते. तीन काड्या रोवल्या की स्टंप झाले. एकजण चेंडू टाकतो, दुसरा मारतो. बांधावर बसलेली माणसे ओरडतात.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? जो मोठा टोला मारतो, त्याचे नाव सगळ्या गावाला ठाऊक होते. पण चेंडू टाकून टाकून ज्याचा खांदा दुखतो, त्याचे नाव कोण घेतो? अशाच एका चेंडू टाकणाऱ्याची, म्हणजे गोलंदाजाची, ही गोष्ट आहे. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७५ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे मूळ कोकणातले, चर्मकार समाजाचे. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत. पुण्याला गोऱ्या साहेबांचा क्रिकेटचा क्लब होता. तिथे बाळू कामाला लागले. मैदान झाडायचे, रूळ फिरवायचा, जाळी बांधायची. पगार किती? महिन्याला ४ रुपये!

साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकायला हवा होता. ते काम बाळूंकडे आले. ते डाव्या हाताने टाकीत. चेंडू हळू यायचा, पण टप्पा पडला की वळायचा. रोज तासन् तास टाकून त्यांचा हात तयार झाला. साहेब त्यांच्याकडून चेंडू टाकून घेत. बॅट मात्र त्यांच्या हाती देत नसत.

पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता. गोऱ्यांना हरवायचे, तर बाळू हवेत. पण बाळूंना संघात कसे घ्यायचे? पुष्कळ वाद झाला. शेवटी घेतले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावीत. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवायला ताट वेगळे, जागाही वेगळी. चेंडू विटाळत नव्हता, कप तेवढा विटाळत होता! हा कुठला न्याय?

पुढे बाळू मुंबईला गेले आणि तिथल्या हिंदू संघातून खेळू लागले. १९०६ साली या संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. राज्य गोऱ्यांचे, खेळही गोऱ्यांचा, आणि जिंकले आपले लोक! देशभर आनंद झाला.

१९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कर्णधार होते. संघ पुष्कळ सामने हरला. बाळूंचा हात मात्र थांबला नाही. त्या एका दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला.

"मंग कप्तान झाले का नाही जी ते?" असे तुम्ही विचाराल. नाही झाले. वर्षानुवर्षे सगळ्यांत भारी गोलंदाज तेच. पण संघाचे नायकपद त्यांना मिळाले नाही. बाळूंचे तीन भाऊही खेळाडू होते: शिवराम, गणपत आणि विठ्ठल. १९२० साली कर्णधार नेमताना विठ्ठल यांना डावलले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. आम्ही जातीमुळे मागे राहतो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले.

बाळू पुढे राजकारणात उतरले. १९३७ साली मुंबईत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले. बाबासाहेब निवडून आले. पण निवडणुकीतली हार वेगळी आणि खेळातले कर्तृत्व वेगळे. एकामुळे दुसरे पुसले जात नाही.

भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला. तोवर बाळूंचे खेळण्याचे वय गेले होते. १९५५ साली ते वारले. ज्यांनी त्यांना खेळताना पाहिले होते, ती माणसेही एकेक करून गेली. बाळूंचे नाव मागे पडले.

मग ते राहिले कसे? लिहिल्यामुळे राहिले! भाऊ विठ्ठल यांनी १९४८ साली मराठीत आपले आत्मचरित्र लिहिले होते. घरात, मैदानात काय घडले, ते त्यात आले. पुष्कळ वर्षांनी रामचंद्र गुहा नावाच्या इतिहासकाराने ते वाचले. जुनी वर्तमानपत्रे धुंडाळली. २००२ साली त्यांनी क्रिकेटच्या इतिहासावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. त्यात बाळूंची हकीकत सविस्तर आली. मग देशोदेशीच्या लोकांना बाळू कळले. भारताचा पहिला थोर गोलंदाज म्हणून आज त्यांचे नाव घेतात. पण हा मान पाहायला बाळू नव्हते. त्यांना जाऊन ४७ वर्षे झाली होती.

बंधूंनो, भगिनींनो, आता तुम्हालाही लिहिता येते. तुमच्या गावात कबड्डीत नाव काढलेला कोणी म्हातारा असेल. मैलभर अंतर चुटकीसरशी धावणारी एखादी पोर असेल. त्यांच्याकडे जा, त्यांची हकीकत विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. साल घाला, गावाचे नाव घाला. आणि लिहिलेले त्यांनाच आधी वाचून दाखवा. ४७ वर्षे थांबू नका.

शब्दांचे अर्थ
नायकपद – संघाचा पुढारी होण्याचा मान
डावलणे – हक्क असूनही बाजूला सारणे
आत्मचरित्र – स्वतः लिहिलेली स्वतःची हकीकत

प्रश्न
१. पुण्याच्या क्लबात बाळूंना कोणती कामे करावी लागत?
२. मैदानात एक वागणूक आणि चहाच्या वेळी दुसरी, हे तुम्हाला कसे वाटते?
३. विठ्ठल यांनी पुस्तक लिहिले नसते तर काय झाले असते?
४. तुमच्या गावातल्या एका खेळाडूविषयी पाच ओळी लिहा.