बालरुग्णाची गोपनीयता आणि डॉक्टरांचा मोबाईल

रुग्णाविषयी जे दिसेल, जे कानी येईल, ते बाहेर बोलावयाचे नाही, हे हिपोक्रेटिसच्या शपथेतील वचन आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. पूर्वी तोंड बंद ठेवले आणि केसपेपर कपाटात ठेवला की हे वचन पाळले जाई. आज आपल्या खिशातील मोबाईलच बोलका झाला आहे. मला हा धडा माझ्याच चुकीतून मिळाला.

काही वर्षांपूर्वी एका सात वर्षांच्या मुलीच्या अंगावरील पुरळाचे निदान मला होईना. मी फोटो काढून डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठविला. त्यात नाव नव्हते, चेहराही नव्हता. एका ज्येष्ठ त्वचारोगतज्ज्ञांनी लगेच निदान सुचविले आणि मुलगी बरी झाली. पंधरा दिवसांनी तिची आई एकटीच आली. नात्यातील एका बाईंच्या फोनवर आलेला तोच फोटो तिने मला दाखविला. ‘साथ आली आहे, मुलांना जपा’ असा मजकूर जोडून कोणीतरी तो पुढे धाडला होता. कोपऱ्यात गणवेशाची बाही आणि हातातील चांदीचे कडे दिसत होते. “डॉक्टर, आता वर्गात तिच्याशेजारी कोणी बसत नाही,” एवढेच ती म्हणाली. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावी स्थिरावलेल्या आपल्या मराठी समाजात घरे, शाळा, नाती सर्वांना ठाऊक असतात. तेथे नाव खोडले म्हणजे ओळख पुसली, असे होत नाही.

थोडे तंत्रही समजून घेऊ. स्थान-सुविधा चालू असल्यास फोटोबरोबर दिनांक, वेळ आणि अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या फोटोतून ही माहिती गळते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ती सोबत जाते. या सेवेतील संदेश २०१६ पासून संपूर्णपणे सांकेतिक रूपात जातात. हे कुलूप वाटेवरच्या तिऱ्हाइतासाठी आहे. गटातील सदस्याने तो फोटो पुढे पाठविला, तर ते उपयोगी पडत नाही.

मुलांची माहिती किती सहज उघडी पडते, याचे मोठे उदाहरण २०१५ चे आहे. व्हीटेक या खेळणी बनविणाऱ्या कंपनीच्या संगणकांत घुसखोरी होऊन जगभरातील सुमारे ६४ लाख मुलांची माहिती बाहेर गेली. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये मुलांचे बोलणे गुपचूप ऐकता येईल म्हणून जर्मनीने ‘माय फ्रेंड केला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली.

कायदाही स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार, ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र परवानगीविना प्रसिद्ध करणे हे गैरवर्तन ठरते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत डॉक्टरांना सवलत आहे, परंतु ती मुलाच्या आरोग्यरक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापुरतीच. गटावरील कुतूहल तीत बसत नाही.

त्या प्रसंगानंतर मी काही नियम स्वतःस घालून घेतले आहेत:

१. फोटोपूर्वी पालकांची संमती घेऊन केसपेपरवर नोंद करणे. मूल समजत्या वयाचे असल्यास त्यालाही विचारणे.

२. चौकटीत फक्त व्याधीचा भाग घेणे. गणवेश, दागिना, तीळ, जन्मखूण शक्यतो टाळणे.

३. गटावर न टाकता एकाच तज्ज्ञाला पाठविणे, आणि काम झाल्यावर दोघांनीही तो पुसणे.

४. गॅलरीतील फोटो आपोआप क्लाउडवर साठविले जाण्याची सोय बंद ठेवणे.

५. अहवाल पाठविताना क्रमांक पुन्हा एकदा ताडून पाहण्याची सवय स्वागतकक्षातील मदतनिसांनाही लावणे.

यांत वेळ जातो, हे मान्य. मूल स्वतः ‘नको’ म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने ते आपणच म्हणावयाचे असते. ती माता आजही मुलीला माझ्याकडेच आणते. मात्र मी टेबलावरील फोन उचलला की तिची नजर तिकडे वळते. गेलेला विश्वास औषधासारखा पुन्हा लिहून देता येत नाही.