सरकला थर, उलटली दिशा

परवा तुकोगंजात लेख टाइप करत बसलो होतो आणि वीज गेली. फाइल साठवली नव्हती. दोन पानं गेली! कारण संगणकाची रॅम विजेच्या पुरवठ्यावरच टिकते. वीज गेल्यावरही न विसरणारी, तरीही वेगवान स्मृती हवी असेल तर फेरोइलेक्ट्रिक पदार्थ कामाला येतात.

आधी नावाचं बघू. ‘फेरो’ म्हणजे लोखंड. पण यात लोखंड असावंच लागतं असं नाही. नाव पडलं ते लोहचुंबकाशी असलेल्या साम्यावरून. चुंबकाला उत्तर-दक्षिण ध्रुव असतात, तसे यात धन-ऋण ध्रुव असतात. बाहेरून विद्युत दाब दिला की त्यांची दिशा उलटते आणि दाब काढला तरी तशीच राहते. एक दिशा म्हणजे 0, दुसरी म्हणजे 1. जोसेफ वालासेक यांनी 1920 साली हा गुण रोशेल क्षारात दाखवला.

अडचण अशी, की असे नेहमीचे पदार्थ फार पातळ केले की हा गुण क्षीण होतो. 2017 साली ली आणि वू या चिनी संशोधकांनी आकडेमोडीने वेगळी वाट सुचवली: थर सरकवा!

बोरॉन नायट्राइडचा थर म्हणजे एका अणूच्या जाडीची षट्कोनी जाळी. एकट्या जाळीला वर-खाली ध्रुव नसतात. पण तशा दोन जाळ्या एकाच दिशेने एकमेकींवर ठेवल्या, की बोरॉनवर नायट्रोजन येतो आणि वीजभार किंचित एका बाजूला झुकतो. वरची जाळी एका बंधाएवढी सरकली, की नायट्रोजनवर बोरॉन येतो आणि ध्रुव उलटतात. सरकणं आडवं, बदल मात्र उभा! ‘सर’ आणि ‘रस’ यांतली अक्षरं तीच. अर्थ मांडणीत आहे. तसंच हे.

2021 मध्ये हे प्रयोगाने सिद्ध झालं. 2022 मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या अर्धवाहकांतही दिसलं. थरातले बंध तुटत नाहीत, म्हणून झीज कमी. 2024 मधल्या एका प्रयोगात 100 अब्ज वेळा दिशा उलटूनही उपकरण थकलं नाही. मात्र हे ध्रुव फार दुबळे असतात आणि थर नेमके जुळवणं अवघड असतं.

अणूंची मांडणी क्ष-किरणांनी तपासणारं ‘इंडस-2’ यंत्र आपल्याच इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनो, पुढचं पाऊल तुमचं!