डाग दिसला की आधी कामाचं सांगा

हातावर पांढरा डाग उठला की आपल्याकडे पहिली चौकशी ताटाची होते. आंबट फार खातेस का? माशांवर दूध प्यायलीस का? मग माहेरची चौकशी: तुमच्याकडे कुणाला होतं का? मलाही हेच सगळं विचारून झालं. या हातांनी तू दिवसभर काय करतेस, हे मात्र कुणी विचारलं नाही. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, खालुंब्रे या चाकणच्या पट्ट्यात कितीतरी हात रोज रसायनांत असतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं काम गाडीच्या दरवाजाच्या आतल्या पॅनेलवर फोम आणि रेक्झिन चिकटवण्याचं. त्याला लागतो पिवळट, घट्ट गम. लाइनवर सगळ्या त्याला सोल्युशन म्हणतात. ब्रशने पातळ हात मारायचा, जरा सुकू द्यायचं, मग रेक्झिन ताणून कडेकडेने अंगठ्याने दाबत जायचं. कडेतून बाहेर आलेलं सोल्युशन बोटानेच निपटायचं. शिफ्ट सुटेपर्यंत बोटांवर त्याचा पापुद्रा धरतो. चोळून निघाला तर ठीक, नाहीतर थिनरचा बोळा फिरवायचा. हातमोजे मिळायचे ते सुती. ते सोल्युशन पिऊन ओले व्हायचे आणि तसेच कातडीला चिकटून राहायचे.

डाग आले ते उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर, मग हाताच्या पाठीवर, मग मनगटावर, जिथे मोज्याची कड संपते तिथे. ना खाज, ना आग. त्यामुळे काळजी वाटली ती फक्त लोक काय म्हणतील याची. घरात दही-लिंबू बंद झालं. जेवणाच्या सुट्टीत एकीने डबा हळूच पलीकडे सरकवला. सासूबाईंच्या ओळखीच्या एका जडीबुटीवाल्याने बावचीचं तेल दिलं आणि लावून उन्हात बसायला सांगितलं. बावची खोटी नाही. तिच्यात सोरालेन असतं आणि डॉक्टरही ते वापरतात, पण मोजून, आणि प्रकाशही मोजून. गच्चीवरच्या दुपारच्या उन्हाला कसलं माप? हातावर टरारून फोड आले. ते बसले, पण भाजलेल्या जागी नवे डाग उठले. कोड वाढतीवर असताना कातडीला जखम झाली, भाजलं, सतत घासलं, तर तिथेच नवा डाग येऊ शकतो, हे मला नंतर कळलं.

त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "काम काय करता?"

"कंपनीत आहे."

"कंपनीत म्हणजे हातांनी काय करता?"

मी सोल्युशनचं सांगितलं. त्यांनी माझा तळहात उलटासुलटा केला, डाग कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात ते पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या डब्यावरच्या लेबलचा फोटो आणा."

सोल्युशनचा एमएसडीएस, म्हणजे त्यात कोणती रसायनं आहेत ते सांगणारा कागद, स्टोअरमध्ये फाइलला लावलेला होता. त्यात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल हे नाव निघालं. कातडीचा रंग करणाऱ्या पेशी टायरोसिन नावाच्या द्रव्यापासून रंग बनवतात. या फिनॉलची घडण टायरोसिनशी मिळतीजुळती असते. पेशी त्याला आपलाच माल समजून आत घेते आणि त्यातच मरते. ज्यांच्या अंगात कोडाकडे कल असतो त्यांना हा फटका जास्त बसतो. म्हणून त्याच लाइनवर दहा जणींचे हात स्वच्छ राहतात आणि एक-दोघींचे पांढरे पडतात.

हे काही नवीन नाही. अमेरिकेत १९३९ साली चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात पांढरे पडले. कारण निघालं रबरी हातमोज्यांत घातलेलं एक रसायन. जपानमध्ये २०१३ साली गोरं करणारी काही क्रीम बाजारातून परत घ्यावी लागली, कारण ती लावून हजारो बायकांना डाग आले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत कामामुळे होणाऱ्या कोडाची नोंद आहे. आणि हे फक्त कारखान्यातच घडतं असंही नाही. टिकलीच्या गमाने कपाळाच्या मधोमध, रबरी चपलेच्या पट्ट्याने पायावर, केसांच्या डायने कपाळाच्या कडेला असे डाग येतात. डागाचा आकार एखाद्या वस्तूशी जुळला, तर ती वस्तू आजच बाजूला ठेवा.

प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो

पाठीवर-छातीवर फिकट, बारीक कोंडा सुटणारे ठिपके म्हणजे बहुधा शिबं. ती बुरशी असते, औषधाने जाते, रंग भरायला मात्र काही महिने लागतात. मुलांच्या गालावरचे फिकट, खरखरीत चट्टे जंतांमुळे येतात असं म्हणतात. ते खरं नाही. कोरड्या कातडीचा तो सौम्य प्रकार आहे. चट्टा फिकट आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. माझेही डोळे मिटायला लावून डॉक्टरबाईंनी कापसाचं टोक डागांवर टेकवलं होतं आणि कुठे लागतंय ते बोटाने दाखवायला सांगितलं होतं. मग अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प. त्या जांभळ्या उजेडात कोडाचे डाग निळसर पांढरे चमकतात. नुसत्या डोळ्यांना न दिसलेले दोन डागही तिथे दिसले.

कोड स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एकाच नळावर हात धुतल्याने ते कुणाला होत नाही. आंबट किंवा दूध-माशांचाही त्याच्याशी संबंध नाही. बहुतेकांच्या कोडात शरीराची संरक्षण यंत्रणाच रंगपेशींवर उलटते. म्हणून डॉक्टर थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात, ती टाळू नका.

उपचाराचं खरं चित्र

सगळ्यात आधी संपर्क तोडावा लागतो. तो सुटला की डाग वाढायचे थांबू शकतात, कधी रंगही परततो. पण नेहमीच नाही. एकदा सुरू झाल्यावर काहींचे डाग, जिथे रसायन लागलंच नाही तिथेही येतात. त्यामुळे औषध लागतंच. लावायला स्टिरॉइडचं किंवा टॅक्रोलिमसचं मलम, आणि आठवड्यातून दोन-तीनदा नॅरोबँड यूव्हीबीचा लाइट. स्टिरॉइडचं मलम मेडिकलमधून आपल्या मनाने आणून लावत राहू नका, कातडी पातळ होते. लाइटला महिनेच्या महिने जातात. तीन शिफ्टच्या नोकरीत तोच मोठा अडसर असतो. आपल्या शिफ्ट डॉक्टरांना सांगितल्या तर वेळा तशा बसवता येतात.

रंग परततो तो केसांच्या मुळांतून. डागात तिळासारखे तपकिरी ठिपके उठतात आणि मग एकमेकांना मिळतात. त्यामुळे लव असलेल्या जागी आशा जास्त. बोटांची टोकं, ओठ, आणि जिथले केसही पांढरे झाले तिथे कमी. माझ्या हाताची पाठ बरीचशी भरली, बोटांची टोकं पांढरीच आहेत. डाग वर्षभर स्थिर राहिले तर आपल्याच कातडीतल्या रंगपेशी तिथे बसवण्याची शस्त्रक्रियाही होते.

तळेगाव-चाकण रस्त्याने जाताना 'सफेद दाग, गॅरंटीने बरे' असं भिंतीवर दिसलं तर एक लक्षात ठेवा. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत कोड आहे. कायदा मोडून पाटी रंगवणाऱ्याची गॅरंटी कसली घेता? ईएसआय कार्ड असेल तर चिंचवडला मोहननगरचं रुग्णालय आहे. नसेल तर पिंपरीचं वायसीएम किंवा पुण्याचं ससून आहे.

मनाला आधार हवा असेल तर तोही पुण्यातच आहे. डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी श्वेता असोसिएशन उभी केली. 'नितळ' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ चा चित्रपट कोड असलेल्या एका डॉक्टर मुलीवर आहे. घरात लग्नाच्या गोष्टी अडल्या असतील तर सगळ्यांनी मिळून बघावा.

लाइनवर काय करावं

सोल्युशनला सुती मोजा चालत नाही, नायट्राइलचा मागा आणि फाटला की बदला. हात थिनरने पुसू नका, साबणाने धुवा. एमएसडीएस दाखवा म्हणून सुपरवायझरला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डाग आलाच तर काम बदलून द्यावं असं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तिची एक प्रत स्वतःकडे ठेवा. ठेक्यावरच्या बाईला तोंडी सांगून काही मिळत नाही. मला त्या चिठ्ठीवर पॅकिंगला घेतलं.

आणि शेजारणीचे हातही बघा. एकाच लाइनवर दोघींना डाग असतील तर ते नशीब नव्हे, ते सोल्युशन असण्याची शक्यता मोठी. दोघींनी एकाच दिवशी, लेबलचा फोटो घेऊन डॉक्टरकडे जा. एकीचा डाग घरगुती भानगड ठरतो, दोघींचा कामाचा प्रश्न होतो.