दोन्ही बाजूंना चेहरा

आजचं वाचन: मार्क १२:१३-१७, उत्पत्ती १:२६-२७, याकोब ३:९-१०



काल रात्री वाचनासाठी मार्कचा बारावा अध्याय उघडला, आणि पाचव्या मिनिटाला उठून कपाटातला डबा काढला. माझ्या नाण्यांच्या वेडाबद्दल इथे ओझरतं लिहिलंय पूर्वी. जुनी रोमन नाणी, आणि त्यातही दोन्ही बाजूंना माणसाचा चेहरा असलेली. माझ्याकडे अशी मोजून चार आहेत. चारही झिजलेली, कारण चांगल्या स्थितीतली माझ्या पगारात बसत नाहीत.

त्यातलं एक समोर ठेवून लिहितोय. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत पाडलेलं टेट्राड्राक्म, म्हणजे चार द्राख्मांचं नाणं. चांदी नावापुरती, बाकी तांबं. आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा थोडं लहान, पण जाड आणि जड. एका बाजूला नीरो, डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट. शेजारी ग्रीक अक्षरांत वर्ष दिलंय: कारकिर्दीचं तेरावं, म्हणजे इ.स. ६६-६७. उलटं केलं की तिबेरियस. तोच कैसर, ज्याच्या काळात प्रभू येशू वधस्तंभावर गेला. हे नाणं पाडलं तेव्हा तिबेरियसला मरून जवळजवळ तीस वर्षं झाली होती.

मग नीरोने त्याला का छापलं? या प्रश्नापायीच मला या नाण्यांचं वेड लागलं. नेहमीच्या रोमन नाण्यावर पुढे सम्राट असतो आणि मागे एखादी देवता, देऊळ, शस्त्रं, प्राणी असं काहीतरी. मागेही चेहरा आला की समजायचं, इथे काहीतरी सिद्ध करायचंय. ‘मी याचा वारस आहे’, ‘हा माझा वारस आहे’, ‘आम्ही दोघं एक आहोत’. नीरोने याच मालिकेत ऑगस्टसचाही चेहरा छापला. मी उगाच गादीवर बसलेलो नाही, माझं घराणं बघा, असं त्याला म्हणायचं होतं. पुढच्याच वर्षी, ६८ मध्ये, त्याने स्वतःचा जीव घेतला आणि ते घराणं संपलं.

‘आम्ही दोघं एक आहोत’ हे सांगणारी नाणी तर वाचवत नाहीत. इ.स.पू. ४१ मध्ये मार्क अँटनीने चांदीचे दिनार पाडले. एका बाजूला स्वतः, दुसऱ्या बाजूला तरुण ऑक्टेव्हियन, दोघांची पदवीही सारखीच. दहा वर्षांनी अ‍ॅक्टियमच्या समुद्रात दोघांची आरमारं एकमेकांवर चालून गेली. त्याआधीच अँटनीच्या नाण्याची दुसरी बाजू बदलली होती. तिथे क्लिओपात्रा आली होती.

इथे एक गोष्ट सांगतो, ती हातात नाणं घेतल्याशिवाय पटत नाही. नाणी तेव्हा हाताने ठोकत. खालचा साचा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा साचा हातात धरलेला, मध्ये तापवलेली चकती, आणि वरून हातोडा. सम्राटाचा चेहरा बहुधा खालच्या साच्यात असायचा. वरचा साचा घाव थेट खायचा आणि लवकर निकामी व्हायचा. म्हणजे दोन चेहरे सारखेच मानाचे दिसले, तरी मार खाणारी बाजू ठरलेली असायची.

आता मार्ककडे येऊ. परूशी आणि हेरोदी मिळून येशूला कराच्या प्रश्नात अडकवायला आलेत. हो म्हटलं तर लोक चिडणार, नाही म्हटलं तर रोमी अधिकारी. तो त्यांच्याकडेच नाणं मागतो. स्वतःच्या खिशातून काढत नाही, हे मला आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते तिबेरियसचं दिनार असावं. त्यावर तिबेरियस हा ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ असल्याचं कोरलेलं असतं, आणि मागे त्याची महायाजकाची पदवी व बसलेली एक स्त्री. ती त्याची आई लिव्हिया, असं पुष्कळांना वाटतं. आणि हे सगळं मंदिराच्या आवारात, देवपुत्राच्या हातात.

मूळ ग्रीकमध्ये येशू त्या चेहऱ्यासाठी जो शब्द वापरतो तो आहे ‘एकॉन’. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचं केलं, तिथेही हाच शब्द आहे. नाण्यावर ज्याचा छाप त्याला नाणं द्या, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण मग माणसावर कोणाचा छाप आहे? कार्थेजच्या तर्तुलियनाने इ.स. २०० च्या सुमारास हा धागा उघड करून सांगितला: कैसराची प्रतिमा नाण्यावर, देवाची माणसावर.

तर्तुलियनाच्या काळात गादीवर होता सेप्टिमियस सेव्हेरस, तोही आफ्रिकेत जन्मलेला. त्याचं एक सोन्याचं नाणं आहे (मी फक्त फोटोत पाहिलंय). पुढे तो स्वतः. मागे त्याचे दोन मुलगे, कॅराकॅला आणि गेटा, समोरासमोर तोंड करून. भोवतीच्या अक्षरांचा अर्थ ‘साम्राज्याचं शाश्वतपण’.

मार्च २०३ मध्ये कार्थेजच्या आखाड्यात या गेटाच्या वाढदिवसाचे खेळ होते. त्या खेळांत पर्पेटुआ, फेलिसिटी आणि त्यांच्या सोबत्यांना मारण्यात आलं. पर्पेटुआ साधारण बावीस वर्षांची, अंगावर पिणारं बाळ असलेली आई. तिचे वडील तुरुंगात येऊन, माझ्या पिकल्या केसांची तरी दया कर, म्हणून रडले. तिने स्वतः तुरुंगात लिहून ठेवलंय हे, आणि ते लिखाण आज आपण वाचू शकतो. तुमच्यातले कितीतरी जण बावीसचे आहेत. मी त्या वयात कॉलेजच्या बॅकलॉगमध्ये अडकलो होतो.

फेब्रुवारी २११ मध्ये सेव्हेरस आजच्या इंग्लंडमधल्या यॉर्कला वारला. मरताना मुलांना सांगून गेला की एकमेकांशी जुळवून घ्या. त्याच डिसेंबरात कॅराकॅलाने समेटाच्या नावाखाली भावाला आईच्या दालनात बोलावलं आणि मारेकरी घातले. इतिहासकार डिओ लिहितो, गेटा आईच्या कुशीत मेला. तोही बावीस वर्षांचाच होता.

पुढचं आणखी वाईट. गेटाचं नाव, चेहरा, सगळं पुसण्याचा हुकूम निघाला. रोमच्या फोरममध्ये सेव्हेरसच्या कमानीवर त्याचं नाव काढून दुसरे शब्द बसवलेत, जुन्या अक्षरांची भोकं अजून दिसतात. बर्लिनला या कुटुंबाचं एक गोल रंगीत चित्र आहे. त्यात आई, वडील, एक मुलगा, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी खरवडलेला डाग. आशिया मायनरमधल्या स्ट्रॅटोनिकेया शहराच्या तांब्याच्या नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर होते. त्यांतल्या पुष्कळ नाण्यांवर कोणीतरी बसून गेटाचा चेहरा घासून टाकलाय. कॅराकॅला तसाच आहे. रिकाम्या जागेकडे बघत.

(मेसेज येतीलच म्हणून: हो, अशी नाणी विकत मिळतात. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून, पावतीसह घ्या. कडेवर जोडाची रेघ दिसली तर ते बहुधा साच्यात ओतलेलं नकली नाणं असतं. आणि आपल्याकडे जमिनीत सापडलेलं नाणं ‘सापडलं त्याचं’ नसतं, १८७८ पासून त्याचा कायदा आहे. ते सरकारला कळवावं लागतं.)

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

पप्पा गेल्यापासून दादा आणि मी बोलत नाही. कारण घर. त्यात नवीन काही नाही, तुमच्यापैकी निम्म्या घरांत हेच असेल. पप्पांच्या पहिल्या स्मरणदिनाला मी व्हॉट्सअ‍ॅपला डीपी लावला. पप्पा मध्ये, त्यांच्या एका बाजूला मी. मूळ फोटोत दुसऱ्या बाजूला दादा आहे, पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून. मी तो कापला. कापतानाही त्याची चार बोटं पप्पांच्या खांद्यावर राहिलीच. ती काढायची म्हणजे पप्पांचा खांदा काढावा लागला असता. आठ महिने तो डीपी तसाच होता. मंडळीत कोणाच्याही लक्षात आलं नाही. आईच्या आलं असणार. ती काही बोलली नाही.

याकोब म्हणतो की ज्या जिभेने आपण पित्याची स्तुती करतो तिनेच त्याच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप देतो. हे वचन मी इथे आधी दोनदा घेतलंय. दोन्ही वेळा ऑफिसातल्या गॉसिपवर लिहिलं. दादाचं नाव मनात आलं होतं, मी ते लिहिलं नाही. काल रात्री त्या स्ट्रॅटोनिकेयाच्या नाण्याचा फोटो मोठा करून पाहत होतो. घासलेल्या जागेत गेटाच्या केसांची कड अजून दिसते. आणि मला ती चार बोटं आठवली.

मूळ फोटो गॅलरीत होता. आज सकाळी तोच डीपी लावलाय, तिघांचा. आईचा पाचव्या मिनिटाला फोन आला. ती दुसऱ्याच विषयावर बोलली, गॅसचा नंबर लावायचा होता.

दादाला अजून फोन केलेला नाही. त्याची शिफ्ट आठला सुटते. आठवण ठेवा प्रार्थनेत.