अलेक्झांड्रियाचे नाणे नाणेघाट चढले का?

प्रश्न : मी जुनी नाणी जमवतो. अलीकडे इजिप्त, कार्थेज अशा उत्तर आफ्रिकेतल्या नाण्यांची गोडी लागली आहे. अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यांचा माल कल्याणला उतरून नाणेघाटाने जुन्नरला येई, असे वाचले. मग त्यांची नाणीही आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मातीत मिळायला हवीत ना?
— एक वाचक, घोडेगाव

उत्तर : माल आला, माणसेही आली, अलेक्झांड्रियाचे नाणे मात्र इथवर पोहोचण्याची शक्यता फार थोडी. अलेक्झांडरचा सेनापती टॉलेमी इजिप्तचा राजा झाला आणि इ.स.पूर्व 300च्या सुमारास त्याने देशाचे चलन बंदिस्त केले. परदेशी नाणे तिथे चालत नसे. ते देऊन स्थानिक नाणे घ्यावे लागे. रोमनांनी इजिप्त जिंकला तरी ही पद्धत मोडली नाही. सम्राट डायोक्लेशनने इ.स. 296च्या सुमारास ती बंद केली, म्हणजे ती जवळजवळ 600 वर्षे टिकली. या काळात अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत पडणारे टेट्राड्रॅक्म हे नाणे रोमन अमलात बरेच तांबे मिसळलेल्या चांदीचे असे. इजिप्तबाहेर त्याला कोणी विचारत नव्हते.

त्यामुळे तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके किंवा म्योस होर्मोस बंदरातून निघणारा व्यापारी सोबत घेई ती रोमन साम्राज्याची चोख नाणी, सोन्याचे ऑरियस आणि चांदीचे डिनेरियस. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी नेली तर बदलीत नफा होतो, असा स्पष्ट उल्लेख आहे. कल्याण बंदरही त्यात येते. ही रोमन नाणी भारतात मुख्यतः दक्षिणेत, तमिळनाडू, केरळ आणि आंध्रात सापडली. आपल्याकडे त्यांचे प्रमाण तुलनेने बरेच कमी आहे.

मग चांदी गेली कुठे? इथे जुन्नरचा संबंध येतो. मानमोडीच्या डोंगरात भीमाशंकर गटाच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने त्या काळच्या गणनेतल्या वर्ष 46मध्ये दिलेल्या दानाची ती नोंद. या नहपानाने चांदीची नाणी भरपूर पाडली. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी. पश्चिमेकडून आलेली रोमन चांदी वितळवून ती पाडली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे अशा 13 हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर उठवलेला! सत्ता बदलल्याचा इतका रोखठोक पुरावा दुसरा सापडणे कठीण.

माणसांचे म्हणाल, तर जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची, म्हणजे ग्रीकांसारख्या पश्चिमेकडच्या परदेशी लोकांची, नावे कोरलेली आहेत. इरिलाने पाण्याची टाकी दिली, चिटाने भोजनमंडप आणि चंदाने गर्भद्वार. शिवनेरी आणि मानमोडी चढून गेलात तर हे लेख पाहता येतील.

आणि आता तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू, जी मला जास्त मोलाची वाटते. आफ्रिकेचे नाणे इकडे आले की नाही यापेक्षा आपले नाणे तिकडे गेले, हे सिद्ध झाले आहे. बेरेनिकेच्या उत्खननात पश्चिम भारतातला क्षत्रप राजा तिसरा रुद्रसेन याचे चौथ्या शतकातले नाणे मिळाले. 2023 साली इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने तिथल्या इसिस देवीच्या मंदिरात बुद्धाची मूर्ती मिळाल्याचे जाहीर केले, तेव्हा दुसऱ्या शतकातल्या दोन सातवाहन नाण्यांचाही उल्लेख होता. ती कोणत्या गावच्या माणसाच्या कनवटीला होती, हे नाणे सांगत नाही. पण नाणेघाट ज्यांच्या ताब्यात होता, त्यांचेच ते चलन.

संग्रहाबद्दल थोडे. उत्तर आफ्रिकेची सुरुवात अलेक्झांड्रियाच्या तिसऱ्या शतकातल्या टेट्राड्रॅक्मने करा. ती विपुल आहेत, आणि त्यांवर इंग्रजी ‘एल’सारखी खूण व पुढे ग्रीक अंक असतो, ते सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष. कार्थेजची घोड्याची तांब्याची नाणीही मिळतात. काठावर साच्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले तर ते ओतलेले समजा आणि सोडून द्या. चिंच-लिंबाने घासून नाणे कधीही चमकवू नका, त्यावरचा हिरवा थर हेच त्याचे संरक्षण. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडातल्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून भुकटी होते.

शंभर वर्षांहून जुनी नाणी आपल्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. 1878च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कांदा-बटाट्याच्या वावरात नांगराला नाणे लागले, तर ते सराफाकडे वितळायला न देता कोणत्या गटात, किती खोलीवर आणि कशासोबत मिळाले, ते लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयात कळवा. ओळख पटवण्यासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. जागा माहीत नसलेल्या नाण्याचे इतिहासातले मोल निम्म्याहून अधिक जाते; तुमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांना एवढे जरूर सांगा.